पुढच्या रांगेतली माणसं

मंडळी, नाटकाला गेल्यावर पुढच्या तीन-चार रांगांकडे कधी नीट पाहिलंय का? सगळ्यात महाग तिकिटं तिथली. आणि अंधार झाल्यावर पाय तुडवत, 'सॉरी हं' म्हणत आत शिरणारेही बहुतेक तिथलेच. बाल्कनीतला माणूस बिचारा तिसऱ्या घंटेच्या आधीच येऊन बसलेला असतो. वर्गात खोड्या मागच्या बाकावर चालतात, नाट्यगृहात नेमकं उलटं! (सगळेच तसे नसतात, मान्य. पण मास्तरकी केलेल्या डोळ्यांना दिसायचं ते दिसतंच.)

आता रंगमंचावरचा उजेड पडतो तो जेमतेम या पुढच्या रांगांवर. नटाला चेहरे दिसतात ते हेच, बाकी सगळा काळोख. बाल्कनीतून त्याच्यापर्यंत पोचतो तो फक्त हशा. म्हणजे दुसऱ्या रांगेत मोबाइल उजळला की तो मागच्यांना खुपतोच, पण नटाच्या तर थेट डोळ्यांत जातो. २०१९ साली सुबोध भावे यांनी या मोबाइलपायी नाटकात काम करणंच थांबवण्याची भाषा केली होती. तेव्हा नाट्यगृहांत जॅमर बसवा अशी मागणीही झाली. पण जॅमरने रिंग थांबेल, तो उजेड कसा थांबणार?

भरताच्या नाट्यशास्त्रात प्रयोगात येणारी विघ्नं सांगितली आहेत. त्यात आरडाओरडा आहे, अगदी शेण फेकणंसुद्धा आहे! त्या मानाने आपण सुधारलो म्हणायचं. असो.

क्रिकेटमध्येही हेच. सामना उत्तम दिसतो तो गोलंदाजाच्या पाठीमागून, म्हणून तिथल्या जागांना भाव. आणि नेमकं तिथेच साइटस्क्रीनजवळ कुणी हललं की फलंदाज हात वर करतो आणि धावत आलेल्या गोलंदाजाला परत फिरावं लागतं. जागांचं वेड आपल्याला कमी नाही हो. ब्रेबॉर्नवरच्या जागांच्या वाटपावरून वाद झाला म्हणून मुंबईत वानखेडे स्टेडियम उभं राहिलं, १९७५ च्या जानेवारीत तिथे पहिली कसोटीही झाली. खुर्चीसाठी आख्खं स्टेडियम बांधलं आपण, पण त्या खुर्चीत बसायचं कसं हे कुणी कुणाला सांगत नाही.

'पैसे मोजलेत, केव्हाही येऊ' हे मला पटत नाही. पुढची खुर्ची घेतली म्हणजे खेळणाऱ्याच्या, नटाच्या नजरेसमोरची जागा घेतली. तिथे आपणही त्याला दिसत असतो. पासवर आलेल्या मान्यवरांबद्दल तर बोलायलाच नको, त्यांनी तर पैसेही मोजलेले नसतात!

विम्बल्डनला खेळाडू बाजू बदलेपर्यंत उशिरा आलेल्याला दारातच थांबवतात, तिकीट कितीचंही असो. आपल्याकडे निदान एवढं व्हावं, की तिसऱ्या घंटेनंतर पुढच्या पाच रांगांत कुणाला सोडू नये. निर्माते म्हणतील, एवढं महाग तिकीट काढणाऱ्याला अडवायचं कसं? अडवू नका. मध्यंतरापर्यंत मागे रिकाम्या खुर्चीवर बसवा. तिथूनही नाटक चांगलं दिसतं, आम्ही पेन्शनवाले वर्षानुवर्षं तिथूनच बघतोय.