बायकांचा पक्ष कोणता?



अमेरिकेतल्या निवडणुकांचा विषय निघाला की बैठकीत एक प्रश्न हमखास येतो : ‘तिथला बायकांच्या बाजूचा पक्ष कोणता?’ पूर्वी मी ‘डेमोक्रॅटिक’ असं सांगून मोकळी होत असे. आता अडखळते.

स्त्री-पुरुष समान हक्कांच्या घटनादुरुस्तीला आपल्या जाहीरनाम्यात आधी पाठिंबा दिला तो रिपब्लिकन पक्षाने, १९४० साली. डेमोक्रॅटिक पक्षाने दिला १९४४मध्ये, तोही आपल्याच कामगार संघटनांचा विरोध असताना. स्त्री-कामगारांना संरक्षण देणारे कायदे हातचे जातील, ही त्यांची भीती होती.

१९७२मध्ये दुरुस्ती संसदेत मंजूर झाली. आता ३८ राज्यांची संमती हवी होती. तिच्याविरुद्ध मोहीम उभारणाऱ्या फिलिस श्लाफ्ली रिपब्लिकन, आणि तिच्यासाठी झटणाऱ्या राष्ट्राध्यक्षपत्नी बेटी फोर्डही रिपब्लिकनच. १९८०मध्ये श्लाफ्लींच्या बाजूची सरशी झाली आणि जाहीरनाम्यातून पाठिंबा गळाला. पक्षाच्या राष्ट्रीय समितीच्या सहअध्यक्ष मेरी क्रिस्प यांनी उघड विरोध केला. त्यांना पदावरून जावं लागलं. १९८२ची मुदत संपली तेव्हा ३५ राज्यांचीच संमती मिळालेली होती.

मग डेमोक्रॅटिक पक्ष तरी एकदिलाचा होता का? गर्भपातासाठी सरकारी पैसा रोखणारी हाइड दुरुस्ती १९७६ची. तेव्हा दोन्ही सभागृहांत बहुमत डेमोक्रॅट्सचं होतं. फटका बसला तो सरकारी आरोग्य योजनेवर अवलंबून असलेल्या गरीब बायकांना. २००९मध्ये आरोग्य विम्याच्या विधेयकातही तसाच निर्बंध घालायला प्रतिनिधिगृहातल्या ६४ डेमोक्रॅट्सनी मत दिलं.

दोन्ही पक्ष सारखेच, असं मी म्हणत नाही. आजचा फरक मोठा आहे. पण तो आपोआप पडलेला नाही. पक्षांच्या आत कोणी चिकाटीने भांडलं आणि कोण एकटं पडलं, यातून तो घडला. मतदारही पक्षाच्या शिक्क्यात मावत नाहीत. गर्भपाताचा घटनात्मक हक्क जून २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतला. ऑगस्टमध्ये रिपब्लिकन वळणाच्या कॅन्सस राज्यात मतदान झालं, आणि राज्यघटनेतला हा हक्क काढून टाकायला लोकांनी स्पष्ट नकार दिला.

म्हणून पक्ष कोणताही असो, मला दोन गोष्टी विचाराव्याशा वाटतात. जाहीरनाम्यातली आपली ओळ उद्या खोडायला निघाले, तर आत तिच्यासाठी भांडणारं कोण आहे? आणि मेरी क्रिस्पसारखी एखादी एकटी पडली, तर बाहेरून आपण तिच्या पाठीशी उभ्या राहणार आहोत का?


— संपादक