'महिन्याला दहा टक्के' : कामगाराच्या पुंजीवर दिवसाढवळ्या दरोडा



रनिंग रूममध्ये, आरएमएसच्या सॉर्टिंग टेबलावर, पतपेढीच्या वार्षिक सभेत आणि निवृत्तीच्या निरोप समारंभातही एक नवा पाहुणा शिरू लागला आहे. त्याचे नाव 'फॉरेक्स'. तो सांगतो : डॉलर, पौंड, येन यांचे भाव क्षणाक्षणाला बदलतात, आमची कंपनी ते स्वस्तात घेऊन महागात विकते, तुम्ही फक्त एक लाख द्या आणि घरबसल्या महिन्याला दहा टक्के घ्या. चार जण आणलेत तर कमिशन वेगळे! भुसावळ असो, इटारसी असो की सिकंदराबाद, मराठी कामगार जिथे आहे तिथे हा पाहुणा पोचतो. कारण तो परका म्हणून येत नाही. तो आपल्याच सहकाऱ्याच्या तोंडून बोलतो.

हा धंदा परकीय चलनाचा नाही. यात बहुधा एक डॉलरही विकत घेतला जात नाही. आज आलेल्याच्या पैशातून काल आलेल्याला 'नफा' द्यायचा, उद्या येणाऱ्याच्या पैशातून आज आलेल्याला द्यायचा, आणि नवी माणसे येईनाशी झाली की दुकानाला टाळे लावून पसार व्हायचे, एवढाच त्याचा अर्थ. यालाच पाँझी योजना म्हणतात.

टपाल कामगारांनी तर या नावाचा इतिहास पाठच करावा, कारण पहिला पाँझी टपालाच्याच आडोशाने लोकांना लुटत होता आणि त्याचीही थाप चलनविनिमयाचीच होती. १९०६ साली रोम येथील टपाल परिषदेत आंतरराष्ट्रीय उत्तर कूपन ठरवण्यात आले. परदेशी पत्र पाठवणाऱ्याने ते पत्रासोबत घालावे आणि उत्तर देणाऱ्याने आपल्या देशात त्याच्या बदल्यात तिकीट घ्यावे, अशी ती सोय. पहिल्या महायुद्धानंतर इटलीच्या लिराचा भाव कोसळला. अमेरिकेतील बॉस्टन शहरात चार्ल्स पाँझी याने बोभाटा केला की, इटलीत स्वस्तात कूपन घ्यायचे, अमेरिकेत त्याची महाग तिकिटे करायची, आणि ४५ दिवसांत ५० टक्के नफा वाटायचा! त्याने दहा टक्के कमिशनवर एजंट नेमले. १९२० च्या उन्हाळ्यात त्याच्या दारात रांगा लागल्या.

मग क्लॅरेन्स बॅरन या पत्रकाराने साधा हिशेब मांडला. पाँझीने जेवढा पैसा गोळा केला होता, त्यासाठी सुमारे १६ कोटी कूपने फिरत असायला हवी होती. प्रत्यक्षात ती २७ हजारांच्या आसपास होती. घबराट पसरली तेव्हा पाँझीने रांगेतल्या लोकांना कॉफी पाजली आणि पैसे परतही दिले. ते पाहून काहीजण "माणूस खरा आहे" म्हणत आपले पैसे तसेच ठेवून घरी गेले! ऑगस्टमध्ये सारा डोलारा कोसळला. टपालाद्वारे फसवणूक केल्याच्या गुन्ह्यात त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली.

शंभर वर्षांत काय बदलले? कूपनाच्या जागी मोबाइलचे ॲप आले आणि रांगेच्या जागी व्हॉट्सॲपचा ग्रुप. ॲपवर हिरवे-तांबडे आकडे नाचतात, आपल्या नावापुढची रक्कम रोज वाढताना दिसते. पण पडद्यावर आकडा लिहायला पैसे पडत नाहीत. आपण भरलेली रक्कम कुठल्याशा नावापुरत्या कंपनीच्या किंवा भाड्याने घेतलेल्या तिऱ्हाइताच्या खात्यात जाते. सुरुवातीला दोन-चार हजार काढू देतात, ते गळाला लावलेले आमिष. मोठी रक्कम मागितली की "आधी कर भरा", "आधी खाते अपग्रेड करा" अशी नवी वसुली सुरू होते. आणि एके दिवशी ॲप उघडतच नाही.

आपणही बॅरनसारखा साधा हिशेब करू या. महिन्याला दहा टक्के चक्रवाढीने वाढले तर एक लाखाचे वर्षात तीन लाख चौदा हजार होतात आणि पाच वर्षांत तीन कोटींवर जातात. ज्याला ही किमया साधली आहे, तो तुमच्या पीएफच्या कर्जासाठी दारात कशाला येईल? आपल्या टपाल काउंटरवरच्या मासिक उत्पन्न योजनेचा व्याजदर २०२४ साली वर्षाला ७.४ टक्के होता. त्यापेक्षा जास्त महिन्याभरात देतो म्हणणारा एक तर जादूगार असेल, नाही तर चोर. आणि कायदेशीर बाजारातली तरी काय स्थिती आहे? शेअर बाजाराच्या वायदे व्यवहारांत २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांना तोटा झाला, असे सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केले. जिथे खरा बाजार आहे तिथे ही गत, तर खोट्या बाजारात आपला निभाव कसा लागणार?

कायदा काय सांगतो तेही नीट समजून घ्या. १९९९ च्या फेमा कायद्यानुसार परकीय चलनाचे व्यवहार फक्त अधिकृत व्यक्तींमार्फत आणि परवानगी असलेल्या कारणांसाठीच करता येतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये अनधिकृत फॉरेक्स कंपन्यांची यादी प्रसिद्ध केली. तेव्हा तिच्यात ३४ नावे होती, पुढे ती वाढत गेली. यादीत नाव नाही म्हणून कंपनी अधिकृत ठरत नाही, हेही बँकेने बजावले आहे. उल्लंघन सिद्ध झाल्यास गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो पैसे टाकणाऱ्यालाही! १९७८ च्या कायद्याने पैसा फिरवण्याच्या योजना चालवणे तर गुन्हा आहेच, पण त्यांचा सभासद होणे हाही गुन्हा आहे.

आता एजंटांच्या सबबी पाहू.

"मला तर पैसे मिळाले." मिळाले असतील. बॉस्टनच्या रांगेतल्यांनाही मिळाले होते. पण ते कुणाचे होते? तुमच्यामागून आलेल्या गँगमनचे, ग्रामीण डाक सेवकाचे, एखाद्या सहकाऱ्याच्या विधवेचे. तो नफा नव्हे, तो आपल्याच भावाच्या ताटातला घास आहे.

"कंपनी नोंदणीकृत आहे." कंपनी निबंधकाकडे किराणा दुकानाचीही कंपनी नोंदवता येते. त्या कागदाने लोकांकडून ठेवी घेण्याचा किंवा परकीय चलनाचा व्यापार करण्याचा परवाना मिळत नाही. दूरच्या कुठल्या बेटावरचा परवाना दाखवला, तर तो तिथेच चालवा म्हणावे!

"जो तो आपल्या मर्जीने टाकतो, युनियनचा यात काय संबंध?" संबंध आहे, आणि तो मुळापासून आहे. अनोळखी माणसाने लाख रुपये मागितले तर कामगार त्याला उभा करणार नाही. तो पैसे देतो ते पंधरा वर्षे एका पाळीत राबलेल्या सोबत्याकडे पाहून, संपात खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्या साथीकडे पाहून. हा विश्वास कामगार चळवळीने घाम गाळून उभा केला. तीच आपली खरी पुंजी. ठग ती फुकटात वापरतो आणि दोन टक्के कमिशनच्या बदल्यात आपल्यातलाच एकजण त्याला ती वापरू देतो. योजना बुडाली की पैसा तर जातोच, पण ज्या खात्यात ती फिरली तिथे माणूस माणसाशी बोलेनासा होतो. ज्या शाखेत एकमेकांवर विश्वास उरला नाही, ती शाखा साहेबापुढे कशी उभी राहणार?

साहेबाच्या हातात तर आयतेच कोलीत मिळते. केंद्रीय आणि रेल्वे, दोन्ही आचरण नियमांच्या नियम १५ प्रमाणे परवानगीशिवाय धंदा करता येत नाही आणि नियम १६ प्रमाणे सट्टा करता येत नाही. म्हणजे फसलेला कामगार तक्रार करायला गेला तर चार्जशीटच्या भीतीने तोंड मिटून बसतो. ठगाला हेच हवे असते.

सरकारही नामानिराळे राहू शकत नाही. १ जानेवारी २००४ नंतर भरती झालेल्यांची निश्चित पेन्शन कुणी काढून घेतली? म्हातारपणाचे काय, हा घोर कामगाराच्या मागे लावून त्याला बाजाराकडे कुणी ढकलले? सरकारने यादी प्रसिद्ध केली म्हणजे कर्तव्य संपले काय? पर्ल्सच्या पीएसीएल कंपनीला ठेवीदारांचे ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश सेबीने २०१४ साली दिला. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती लोढा समिती नेमली गेली. तरी गरीब ठेवीदारांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. चोर पळाल्यावर शिट्टी वाजवणारा पहारेकरी काय कामाचा?

म्हणून प्रत्येक शाखेने पुढील सभेत हे ठराव करावेत : युनियनचा किंवा पतपेढीचा कोणताही पदाधिकारी अशा योजनेचा एजंट राहणार नाही, राहिला तर पद सोडेल. युनियनच्या फलकावर, कार्यालयात, सभेत अशा योजनेचा प्रचार होऊ देणार नाही. निवृत्त होणाऱ्या प्रत्येक साथीला सेटलमेंटचे पैसे हाती पडण्याआधी शाखेचे दोघेजण भेटून सावध करतील. आणि जो फसला आहे त्याची टिंगल न करता त्याच्यासोबत पोलीस ठाण्यात जातील.

पैसे गेले असतील तर लाजू नका, थांबू नका. त्याच तासाला १९३० या क्रमांकावर फोन करा. ॲपचे फोटो, खाते क्रमांक, संदेश जपून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर तक्रार नोंदवा. महाराष्ट्रात असाल तर ठेवीदारांच्या हितसंरक्षणाच्या १९९९ च्या कायद्याखाली गुन्हा नोंदवण्याचा आग्रह धरा. एकट्याने गेलात तर टोलवतील, पन्नास जण गेलात तर लिहून घ्यावेच लागेल.

साथींनो, महागाई भत्त्याच्या एका हप्त्यासाठी आपण महिनोन्महिने झगडतो. असा एकेक रुपया जोडून केलेली पुंजी एका ॲपच्या स्वाधीन करायची काय? पाहुण्याला दारातूनच परत पाठवा, आणि शेजारच्या दारावरही थाप मारून सांगा!