रॉकेट हलके झाले, पण खाली येताना?

२ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी, गुढीपाडव्याच्या दिवशी, विदर्भाच्या आकाशातून जळते तुकडे जाताना अनेकांनी पाहिले. त्यानंतर चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे धातूची सुमारे तीन मीटर व्यासाची रिंग सापडली. परिसरात धातूचे गोळेही मिळाले. सुदैवाने कोणी जखमी झाले नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या ‘लाँग मार्च ३बी’ रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे हे अवशेष असावेत, असे अवकाश अभ्यासक जोनाथन मॅकडॉवेल यांचे म्हणणे होते.

रॉकेटच्या वरच्या टप्प्यात एक किलो वजन वाचले, की जवळपास तेवढाच उपग्रह जास्त नेता येतो. त्यामुळे प्रत्येक भागातून अनावश्यक धातू काढण्याची धडपड असते. ‘टोपोलॉजी ऑप्टिमायझेशन’ हे संगणकीय तंत्र तेच करते. भाग कुठे जोडलेला आहे आणि त्यावर किती भार येणार, हे सांगितले की सॉफ्टवेअर ताण नसलेल्या ठिकाणचा धातू कमी करत जाते. उरतो तो हाडासारखा पोकळ, पण मजबूत आकार. पूर्वी असे आकार घडवणे अवघड होते; थ्रीडी प्रिंटरमुळे ते सोपे झाले.

हे तंत्र आता विद्यार्थ्यांच्या आणि हौशी रॉकेटपर्यंत पोहोचले आहे. मात्र सॉफ्टवेअर विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. फक्त उड्डाणाचा भार सांगितला, तर पॅराशूट उघडतानाचा झटका हिशेबातच येत नाही आणि तो अनेकदा सर्वांत मोठा असतो. प्लास्टिकच्या थ्रीडी प्रिंटमध्ये थरांमधील जोड कच्चा राहतो. कागदावर मजबूत दिसणारा भाग तिथेच तुटतो आणि पॅराशूट सुटलेले रॉकेट थेट जमिनीवर आदळते. म्हणूनच अमेरिकेतील मॉडेल रॉकेटच्या सुरक्षा नियमांत नाक, नळी आणि पंख हलक्या, बिगरधातू साहित्याचेच असावेत, असे बंधन आहे.

मोठ्या रॉकेटपुढचा प्रश्न याच जातीचा आहे. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, टायटॅनियम सुमारे १,६७० अंशांना. वजनाच्या मानाने मजबूत म्हणून निवडलेला टायटॅनियमचा भाग वातावरणात न जळता गावात पडू शकतो. त्यामुळे परत येताना जळून जाईल अशीच रचना करण्याकडे अवकाश संस्था वळल्या आहेत. अवशेषांमुळे कोणाला इजा होण्याची शक्यता दहा हजारांत एकापेक्षा कमी असावी, असा नासाचा निकष आहे. इस्रोने २०३० पर्यंत भारतीय मोहिमा कचरामुक्त करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आहे.

१९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जमिनीवरील नुकसानीची जबाबदारी रॉकेट सोडणाऱ्या देशावर असते. पण भरपाई मिळते ती नुकसान झाल्यावर. ते टाळायचे, तर रॉकेट खाली कसे येईल, हा प्रश्न वर जाण्याच्या हिशेबाबरोबरच, आराखड्याच्या पहिल्या दिवशी संगणकाला विचारायला हवा.