अनोळखी इसम, वय अंदाजे २०

आधी एक प्रश्न. घाबरू नका, व्हायव्हा नाही. या क्षणी तुमचं आय-कार्ड कुठे आहे?

बहुतेकांचं उत्तर मला माहीत आहे. खोलीच्या दारामागच्या खिळ्याला. ते तिथून निघतं फक्त सबमिशनच्या दिवशी आणि परीक्षेच्या हॉलच्या दारात. सायकलवर निघताना तर ते कोणीच घालत नाही, आणि त्यात काही चूक नाही, कारण ती गळ्यातली दोरी हँडलला अडकते. समजा घातलंच, तरी त्यावर असतं काय? ठळक अक्षरात कॉलेजचं नाव, खाली प्राचार्यांची सही आणि मागच्या बाजूला ऑफिसचा फोन नंबर. तो फोन संध्याकाळी साडेपाचनंतर आणि रविवारी कोणी उचलत नाही. आणि आपल्या राइड्स नेमक्या रविवारी पहाटेच असतात!

गेल्या ऑगस्टमध्ये मुलांच्या होस्टेलमधला थर्ड इयरचा एक सीनियर एकटाच सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जायला निघाला होता. खडकवासल्याच्या पुढे एका टेम्पोने त्याला मागून धडक दिली. एका दूधवाल्या काकांनी त्याला आपल्या गाडीत घालून हॉस्पिटलला पोचवलं. तो बेशुद्ध, फोन फुटून बंद, पाकीट खोलीवर. हॉस्पिटलच्या रजिस्टरमध्ये नोंद झाली ती अशी : अनोळखी इसम, वय अंदाजे २०. इकडे होस्टेलला वाटलं स्वारी घरी गेली असेल. रूममेटला वाटलं सिंहगडावर पिठलं-भाकरी खात बसला असेल. शेवटी पोलिसांना सायकलच्या फ्रेमवर दुकानाचं स्टिकर दिसलं. त्यांनी दुकानात फोन लावला आणि दुकानदाराने सांगितलं की हा तर होस्टेलचा पोरगा. तोवर नऊ तास उलटून गेले होते. घरी फोन गेला तेव्हा त्याच्या आईचं पहिलं वाक्य होतं, ‘‘डॉक्टर, त्याला पेनिसिलिन चालत नाही हो!’’ नशीब, दिलेलं नव्हतं. आता तो ठणठणीत आहे आणि कॉमन रूममध्ये कॅरमला हरतो, पण ते नऊ तास त्याच्या आईच्या डोक्यातून जात नाहीत. आपण मात्र विसरलो.

यावर कोणी म्हणेल, ओळख पटली नाही म्हणून उपचार थोडेच थांबतात? बरोबर, थांबत नाहीत. जखमीवर आधी उपचार करणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, असं सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगितलं आहे. मदत करणाऱ्या माणसाच्या मागे पोलिसांचा ससेमिरा लागू नये, म्हणून २०१६ मध्ये कोर्टाने नियम बंधनकारक केले आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. तेव्हा त्या दूधवाल्या काकांनी आता घाबरायचं कारण नाही. मुद्दा वेगळा आहे. बेशुद्ध माणूस आपल्याला काय चालतं आणि काय चालत नाही हे सांगू शकत नाही. इन्सुलिन घेणारा मुलगा रस्त्यात बरळत असेल, तर ते डोक्याला मार लागल्यामुळे की साखर उतरल्यामुळे, हे नुसतं बघून कळत नाही. ज्याच्या अंगावर हे लिहिलेलं असतं, त्याच्या बाबतीत पहिल्या मिनिटाला कळतं.

ही कल्पना काही नवीन नाही. १९५३ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या टरलॉक गावात एका डॉक्टरच्या मुलीला धनुर्वाताच्या अँटिटॉक्सिनची भयंकर रिॲक्शन आली आणि ती मरता मरता वाचली. तिच्यासाठी तिच्या आईवडिलांनी मजकूर कोरलेलं ब्रेसलेट करून घेतलं, आणि त्यातूनच १९५६ मध्ये मेडिक-अलर्ट ही संस्था उभी राहिली. खास धावणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी रोड-आयडी ही कंपनी १९९९ मध्ये केंटकीत निघाली, तीही मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या मुलाच्या बापाला वाटणाऱ्या काळजीतून. म्हणजे दोन्ही वेळा डोकं चाललं ते आईबापांचं, पोरांचं नव्हे!

आता आपल्याकडचे हुशार लोक म्हणतात, फोन आहे ना. २००५ मध्ये इंग्लंडमधल्या एका पॅरामेडिकने सुचवलं होतं की घरच्यांचा नंबर फोनमध्ये ‘आइस’ नावाने सेव्ह करा, म्हणजे ‘इन केस ऑफ इमर्जन्सी’. त्या वेळी ते ठीक होतं. फोनला बटणं होती, लॉक कोणी लावत नव्हतं. आज आपण फोनला पिन, पॅटर्न, अंगठा सगळं लावतो आणि आत ‘आइस’ ठेवतो. कुलूपबंद तिजोरीत तिजोरीची किल्ली! आता लॉक स्क्रीनवरच्या ‘इमर्जन्सी’ बटणाआडही माहिती भरून ठेवता येते. आयफोनमध्ये ही सोय २०१४ पासून आहे, अँड्रॉइडमध्येही आहे. ती जरूर भरा, फुकट आहे आणि पाच मिनिटांचं काम आहे. पण खडकवासल्याच्या रस्त्यावर पहिला धावत येणारा माणूस हा चहाच्या टपरीवाला असतो. त्याने फुटलेल्या स्क्रीनवर ते बटण शोधावं अशी अपेक्षा धरून आपण घराबाहेर पडायचं का?

तोच प्रकार क्यूआर कोडच्या पट्ट्यांचा. दिसायला एकदम मॉडर्न. स्कॅन केलं की तुमची अख्खी मेडिकल हिस्टरी, आजोबांच्या मधुमेहासकट. पण त्यासाठी स्कॅन करणारा पाहिजे, त्याला रेंज पाहिजे आणि त्या कंपनीचा सर्व्हर त्या दिवशी जिवंत पाहिजे. घाटात रेंज किती मिळते हे मी ट्रेकवाल्यांना सांगायला नको. शिवाय हल्ली अनोळखी क्यूआर म्हटलं की लोक आधी खिसा चाचपतात, पैसे कटतील म्हणून! डोळ्यांनी वाचता येणारी अक्षरं ही अजूनही सगळ्यांत भरवशाची टेक्नॉलॉजी आहे, असं माझं मत आहे. कॉम्प्युटरवाल्यांनी रागावू नये.

बरं, अक्षरं घालायची कुठे? हेल्मेटच्या आत स्टिकर चिकटवणारे आहेत, पण धडकेनंतर हेल्मेट काढलं जातं आणि रस्त्याच्या कडेलाच राहतं. बुटाच्या लेसमध्ये अडकवायच्या पट्ट्या मिळतात. धावणाऱ्यांना त्या बऱ्या, पण आपण निम्मे लोक पावसाळ्यात सँडलवर सायकल मारतो. सायकलवर लिहिलं तर माणूस हॉस्पिटलमध्ये आणि सायकल पोलीस चौकीत. गळ्यातली चेन वाईट नाही, पण टी-शर्टच्या आत असते आणि वाकून चालवताना वैताग देते. राहिलं मनगट. नाडी बघायला हात आपोआप तिथेच जातो. घड्याळ एका हातात, ओळखपट्टी दुसऱ्या हातात. नुसती सिलिकॉनची छापील पट्टी घेऊ नका, घामाने आणि पावसाने छपाई उडते. अक्षरं धातूवर कोरलेली हवीत.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे मजकूर. इथे आपली मंडळी जी करामत करतात ती बघून हसावं की रडावं कळत नाही. आमच्या विंगमधल्या एकीने हौसेने बँड मागवला आणि त्यावर घातलं स्वतःचं नाव आणि स्वतःचाच मोबाइल नंबर. म्हणजे अपघात झाला तर फोन वाजणार हिच्याच बॅगेत!

नंबर अशा माणसाचा घाला जो रविवारी सकाळी सहा वाजता अनोळखी नंबरचा फोन उचलतो. बाबा लोक अनोळखी नंबर बघून फोन पालथा ठेवतात असा माझा अनुभव आहे, म्हणून माझ्या पट्टीवर पहिला नंबर आईचा. दुसरा नंबर याच शहरातला पाहिजे. आई नांदेडची असेल तर तिला पोचायला अख्खी रात्र जाते. तोवर कागदावर सही करायला, धावपळ करायला कोणीतरी इथलं लागतं. लोकल गार्डियन चालतील, मावशी चालेल. रूममेट चालेल, पण त्याच राइडला शेजारून सायकल चालवणारा नको.

नंबरच्या आधी ‘आई’ असं मराठीत कोरा. दवाखान्यात इंग्रजी वाचतील, पण त्याआधी रस्त्यावर वाचणारा रिक्षावाला दादा असतो, त्याला ही दोन अक्षरं पुरेशी आहेत. परप्रांतातल्या मित्रांनी ‘माँ’ घालावं. ॲलर्जी आणि औषधाचं नाव मात्र रोमन लिपीत, डॉक्टरसाठी. दमा, फिट्स, मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी, पेनिसिलिन, यांतलं जे असेल ते. काही नसेल तर ती ओळ कोरी ठेवा, उगाच सुविचार घालू नका. नाव पहिलं पुरे. आडनावाची गरज नाही, असं एका मित्राचं म्हणणं आहे. मदतीला आलेल्याने आडनाव वाचत बसू नये, हे त्याचं कारण मला पटलं. आधार नंबर तर अजिबात नको.

आणि ब्लड ग्रुप? सगळ्यांना आधी तोच घालायचा असतो. शाळेच्या हँडबुकच्या पहिल्या पानावर सिस्टर तो भरून घ्यायच्या आणि अर्धा वर्ग शेजारणीचा बघून लिहायचा! हॉस्पिटल तुमच्या मनगटावर विश्वास ठेवून रक्त देत नाही. ते तपासतं, क्रॉस-मॅच करतं, आणि तेवढाही वेळ नसेल तर ‘ओ’ गटाचं रक्त देतं. म्हणून छोट्या पट्टीवर ब्लड ग्रुपला जागा देणं म्हणजे जागेची नासाडी. एक अपवाद आहे, आणि तो आपल्या मुंबईचाच. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ जगासमोर आणला, त्या माणसाला ‘ओ’सुद्धा चालत नाही. असा कोणी असेल तर त्याने तो सगळ्यांत वरच्या ओळीत घालावा.

मुलींच्या होस्टेलमध्ये हा विषय काढला तेव्हा पहिला आक्षेप आला तो असा की नंबर मनगटावर मिरवायचा म्हणजे सिग्नलला कोणीही वाचणार. आक्षेप खराच आहे. तो नंबर आईचा असला तरी रात्री-बेरात्री नको ते फोन तिला का यावेत? उपाय सोपा आहे : नाव बाहेरच्या बाजूला, नंबर पट्टीच्या आतल्या बाजूला, आणि बाहेर लहान अक्षरांत ‘मागे बघा’.

पट्टी विकत घ्यायचीच असेल तर घ्या. पण आपण इंजिनिअरिंगचे! फर्स्ट इयरला फिटिंग शॉपमध्ये जो जॉब आपण तासन्‌तास घासतो, त्यापुढे हे काम किरकोळ आहे. एक मिलिमीटर जाडीचा पत्रा, ४५ बाय २२ चा तुकडा, कडा कानशीने गुळगुळीत, दोन टोकांना भोकं, आणि घड्याळाचा नायलॉनचा पट्टा. अक्षरांसाठी वर्कशॉपमधले लेटर पंच आहेतच. पंचाने ठोकायला ॲल्युमिनियम सोपं, घामाला टिकायला स्टेनलेस चांगलं. लॅबमधल्या सीओटू लेझरवर साधं स्टील घेऊन जाऊ नका, काही उमटणार नाही. रंगीत ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियम न्या, त्यावर स्वच्छ उमटतं आणि ‘आई’सुद्धा देवनागरीत येतं, पंचाच्या डब्यात देवनागरी कुठून आणणार? फक्त एमआरआयच्या आधी पट्टी काढतात, म्हणून ती कापता किंवा सोडता येईल अशीच बांधा, हातात रिव्हेट करून नव्हे. (मेकॅनिकलवाल्यांचा उत्साह माहीत आहे म्हणून सांगितलं.)

राहिला प्रश्न दुसऱ्या नंबरचा. ज्यांचं इथे कोणीच नाही, त्यांनी काय घालायचं? होस्टेलच्या गेटवर वॉचमन काका चोवीस तास असतात, पण तिथे फोन नाही. रेक्टर मॅडमचा स्वतःचा नंबर साडेचारशे मनगटांवर कोरणं बरं दिसत नाही. म्हणून गेटवर एक साधा मोबाइल ठेवावा, त्याचा नंबर कधी बदलू नये आणि शेजारी प्रत्येक खोलीच्या घरच्या नंबरांची वही असावी, असा अर्ज आम्ही अकरा जणांनी सह्या करून ऑफिसला दिला आहे. वहीचा खर्च आम्ही करू असंही त्यात लिहिलं आहे. आवक नंबर मिळाला, उत्तर अजून यायचं आहे. वर्कशॉपचे सर मात्र शनिवारी दुपारी तीननंतर शॉप उघडं ठेवायला तयार झाले आहेत. येताना पट्टा, आईचा नंबर आणि ॲप्रन घेऊन या. ॲप्रनशिवाय ते आत घेत नाहीत.