नऊ एकांचा वर्ग

मध्यंतरीं कोडोली येथें शाळकरी मुलांपुढें बोलण्याचा प्रसंग आम्हांस आला. फळ्यावर नऊ एके ओळीनें लिहून त्या संख्येचा वर्ग करावयास आम्हीं सांगितलें. १२३४५६७८९८७६५४३२१ हें उत्तर निघतांच मुलें हरखलीं, परंतु शेजारीं बसलेले एक गणिताध्यापक म्हणाले, "हा अंकांचा खेळ झाला, गणित नव्हे!"

हा आक्षेप जुना आहे. देवळालीस १९३० पासून १९६२ पर्यंत शाळामास्तर असलेल्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनीं या जातीच्या संख्यांस मुंबईनजीकच्या एका रेल्वे-स्टेशनावरून 'डेम्लो' हें नांव दिलें. त्यांच्याही वांट्यास तो पुष्कळ आला. दहांनीं मोजण्याची रूढि सोडली कीं चमत्कार संपला, असें आक्षेपकांचें म्हणणें. आणि साक्षीस ते हार्डीसाहेबांस बोलावितात. ८७१२ ही २१७८ ची चौपट व ९८०१ ही १०८९ ची नऊपट, असल्या गोष्टी कोड्यांच्या सदरास शोभतात, कारण त्यांतून व्यापक असें कांहीं निघत नाहीं, असें हार्डींनीं १९४० सालीं लिहिलें खरें. ती कसोटी आम्हांस मान्य आहे. तीच येथें लावूं.

नऊ एकांस नऊ एकांनीं गुणतांना नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभी बेरीज म्हणजे त्या त्या घरांतील एकांची निव्वळ मोजदाद; ती नऊपर्यंत चढते व उतरते. हातचा कोठेंच येत नाहीं, एवढेंच रहस्य. दहा एके घेतले कीं मधल्या घरांत दहा जमतात, हातचा सुटतो, आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असें उत्तर मोडतें. आतां दहांऐवजीं आठांच्या पद्धतीनें लिहा: सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असाच चढतो-उतरतो. रूढि बदलली, गुण राहिला, त्याचा पल्ला तेवढा आंखडला.

आणखी एक. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१, आणि तिला ८१ नें नि:शेष भाग जातो. अशा संख्यांस 'हर्षद' म्हणणारेही कापरेकरच. नऊ एकांची बेरीज ९, म्हणून मूळ संख्येस ९ नें भाग जातो. मग वर्गास ८१ नें जाणारच. आठांच्या पद्धतींत ९ च्या जागीं ७ घाला, हाच युक्तिवाद ४९ साठीं चालतो. (३३३६६७ ही अविभाज्य संख्या आपल्या संख्येच्या पोटांत दडलेली आहे, ती मात्र या शिडीवरून दिसत नाहीं.) यास व्यापकता म्हणावयाचें नाहीं, तर कशास म्हणावयाचें?

या संख्येपुढें हात जोडणारे भाविकही आम्हांस भेटतात. 'दैवी' म्हणून नमस्कार करणारा आणि 'पोरकट' म्हणून नाक मुरडणारा, दोघेही 'कां?' हा प्रश्न टाळतात. आम्हींही तो टाळलेला आहे. दहा एके घेतल्यास काय होईल, असें एका विद्यार्थ्यानें पूर्वीं विचारलें असतां 'हें परीक्षेस नाहीं' म्हणून आम्हीं त्यास खालीं बसविलें होतें. कोडोलीस एका मुलीनें विचारलें, बारांनीं मोजल्यास किती एके चालतील? तिला आम्हीं खडू दिला.