पुलगावचा दारूगोळा आणि मजुराचे प्राण

अल्लीपूरच्या कष्टकरी जनतेने पुलगाव विसरता कामा नये. आपल्याच वर्धा जिल्ह्यातील त्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ रोजी आग लागली. लष्करी अधिकारी व अग्निशमन जवान प्राणास मुकले. २० नोव्हेंबर २०१८ रोजी भांडाराच्या मैदानावर जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन सहा जण मृत्युमुखी पडले. त्यांत कंत्राटी मजूर होते.

राज्यघटनेच्या १५१ व्या कलमान्वये महालेखापरीक्षकांचे अहवाल संसदेपुढे येतात. संरक्षण खात्याच्या खरेदीचीही त्यांत तपासणी होते. मग स्फोटकांची पेटी वाहणाऱ्या मजुरास कोणते प्रशिक्षण दिले, याचा जाब कोणी विचारावयाचा? मध्ये कंत्राटदार उभा केल्याने शासनाची जबाबदारी टळत नाही. मजुराच्या सुरक्षिततेचाही हिशेब संसदेपुढे आलाच पाहिजे. ही मागणी आम्ही हक्काने करीत आहोत.