जिन्याखालची गिअरची सायकल



आपल्या वस्तीतील कुठल्याही चाळीचा जिना पाहा. त्याखाली एक गिअरची सायकल हमखास उभी असते. टायरला जाड दाते, पुढे स्प्रिंगचा फोर्क, दांड्यावर झगझगीत स्टिकर आणि सगळ्यावर बोटभर धूळ. मुलगा दहावी पास झाला त्या आनंदात हप्त्याने घेतलेली, सहा महिने चाललेली, मग "जड जाते" म्हणून टाकून दिलेली. अशी एक सायकल माझ्याही घरी होती.

मुलाचे कॉलेज घरापासून नऊ किलोमीटर. पहिला तास सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी. तो घामाघूम होऊन उशिरा पोहोचू लागला, नंतर गुडघे दुखतात म्हणू लागला, शेवटी पहिला तासच बुडवू लागला. आणि मी काय केले? त्याला आळशी ठरवले. "आम्ही काळ्या सायकलीवर बारा-बारा किलोमीटर जात होतो" हे पालुपद रोज जेवताना ऐकवले. एका रविवारी मीच ती सायकल घेऊन निघालो. नागपूरचे रस्ते तसे सपाट. तरी रिंगरोडपर्यंत जाऊन परत येईतो मांड्या भरून आल्या. घरी येऊन मुलाजवळ चूक कबूल केली. दोष त्याच्या पायांत नव्हता. जी सायकल ज्या कामाची नव्हती ती तशीच त्या कामाला जुंपली, हा दोष माझा होता.

ही सायकल मुळात डोंगराची. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९७० च्या दशकात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन टमाल्पाईस डोंगराच्या कच्च्या वाटा उतरू लागले. १९७७ मध्ये जो ब्रीझ याने अशा वाटांसाठी मुद्दाम नवा सांगाडा तयार केला. माती धरून ठेवायला टायरचे दाते, दगडांवर आदळताना हात वाचावेत म्हणून पुढे स्प्रिंगा आल्या. आपल्याकडे तेच रूप स्वस्तात आले. पण आपल्याला जायचे असते डांबरी रस्त्याने, कारखान्यात नाहीतर कॉलेजात. म्हणून सायकल विकू नका, तिला रस्त्याची करून घ्या. कसे ते सांगतो.

पहिले काम फुकटचे आहे. सीट वर करा. आपल्याकडे बहुतेक जण सीट इतकी खाली ठेवतात की पाय कधी सरळच होत नाही. गुडघे दुखतात ते बरेचदा त्यामुळे. भिंतीला धरून सायकलवर बसा, एक पायडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर त्या बाजूला झुकता कामा नये. चालवताना पायाचा पुढचा भाग पायडलवर येतो, तेव्हा गुडघ्याला जेवढा हवा तेवढाच बाक उरतो. मात्र सीटच्या नळीवर खूण असते, ती खूण बाहेर दिसेल इतकी नळी वर ओढू नका. नळी वाकते किंवा सांगाडा फाटतो.

दुसरे काम टायरचे. दातेरी टायर डांबरावर घूं-घूं आवाज करतो. तो आवाज म्हणजे आपली वाया गेलेली मेहनत समजा. त्याऐवजी २६ × १.५० मापाचे, गुळगुळीत किंवा बारीक नक्षीचे टायर घ्या. याहून बारीक नको. आपल्या रस्त्यांवर खड्डे आहेत आणि मागे कॅरिअरवर ओझेही असते. येथे एक फसगत होते, ती नीट ऐका. मी बी.कॉम. झालेला माणूस. मला वाटले, १.५० काय आणि १½ काय, दीड म्हणजे दीड. सायकलच्या दुकानात तसे नाही! २६ × १.५० हा टायर ५५९ मिलिमीटरच्या रिमवर बसतो. २६ × १½ लिहिलेला टायर ५८४ मिलिमीटरच्या रिमचा. तो आपल्या रिमवर ढिला पडतो, कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. म्हणून जुन्या टायरवर ५५९ हा आकडा शोधा आणि नव्यावर तोच पाहून पैसे द्या. ट्यूबवरही माप छापलेले असते. जुनी ट्यूब फार रुंद असेल तर आत घडी पडते, तेव्हा तीही मापाची घ्या.

हवा बोटाने दाबून ठरवू नका. किती हवा भरायची ते टायरच्या कडेवर छापलेले असते. निदान आठवड्यातून एकदा तेवढी भरा. कमी हवेने सायकल जड जाते. शिवाय खड्ड्यात ट्यूब रिमच्या कडांत चेपून तिला शेजारी-शेजारी दोन भोके पडतात, आणि आपण खिळ्याला शिव्या देत बसतो.

फोर्कच्या डोक्यावर फिरवायची बोंडे असतील तर ती आवळून स्प्रिंग कडक करा. मागेही स्प्रिंग असेल तर तिच्या कडेची गोल चकती फिरवून तीही आवळा. पायाचा जोर चाकाला मिळावा, स्प्रिंग दाबण्यात जाऊ नये. ज्यांना आता नवी घ्यायची आहे त्यांनी रुबाबाला भुलू नये. मागची स्प्रिंग नको. साधा फोर्क आणि साधे रबरी ब्रेक असलेली सायकल हलकी असते आणि कोपऱ्यावरचा कारागीरही ती दुरुस्त करू शकतो.

आता गिअर. पुढे तीन चक्रे, मागे सहा किंवा सात. एकूण १८ किंवा २१ म्हणून दुकानदार मिरवतो, पण सपाट रस्त्याला चार-पाचच लागतात. चेन पुढे मधल्या चक्रावर ठेवा आणि मागचीच बदला. समजा पुढे ३८ दाते व मागे १४. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण साडेपाच मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे मारले की ताशी वीस किलोमीटर झाले. कामावर जाणाऱ्याला एवढे पुरे. पुढे सर्वांत मोठे चक्र आणि मागेही सर्वांत मोठे, अशी जोडी कधी लावू नका, चेन तिरपी ओढली जाऊन लवकर झिजते. गिअर बदलताना पायडल फिरते असावे, पण पायाचा जोर क्षणभर कमी करावा.

चेन म्हणजे सायकलचा प्राण. आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसा. शिलाई मशीनचे तेल प्रत्येक कडीच्या जोडावर एक-एक थेंब सोडा, पायडल उलटे फिरवा आणि वरचे तेल पुसून टाका. गाडीचे जळके ऑईल घालू नका, त्यात माती बसते आणि तीच माती चेनला खाते. तेलाचा थेंब रिमला किंवा डिस्कला मात्र लागता कामा नये, ब्रेक लागणार नाही. चेन झिजली की नाही हे मुलांच्या कंपासपेटीजवळच्या इंचपट्टीने कळते. एका पिनच्या मध्यावर शून्य धरा. नवी चेन असेल तर चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती १/१६ इंच पुढे गेली तर चेन बदला. १/८ इंच पुढे गेली तर मागची चक्रेही झिजली, खर्च दुप्पट-तिप्पट झाला असे समजा. वेळेवर मोजणे यातच बचत आहे.

ब्रेकचे रबर रिमलाच लागले पाहिजे. टायरला घासले तर टायर कापतो, रिमच्या खाली सरकले तर ताऱ्यांत अडकते. रबरावरच्या खाचा पुसल्या गेल्या की बदला. वायरची एक जरी तार तुटलेली दिसली तरी दुसरी वायर टाका. पावसात रिम ओली असते. थांबायच्या आधीच ब्रेक हलके दाबून पाणी निपटून घ्या.

नव्या सायकलच्या पहिल्या महिन्यात दोन गोष्टी बघाच. ताऱ्या सैल होतात, म्हणून चाकांचा आऊट काढून घ्या. आणि पायडलच्या दांड्याचे, म्हणजे क्रँकचे, बोल्ट आवळा. सैल क्रँकवर सायकल चालवली तर चौकोनी भोक घासून गोल होते, मग तो दांडा भंगारात. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हेही लक्षात ठेवा. ते घड्याळाच्या उलट फिरवल्यावर आवळले जाते. हे ठाऊक नसल्यामुळे कित्येकांनी आटे मारून घेतले आहेत.

कारकुनाचा लेख हिशेबाशिवाय कसा संपेल? मला आलेला खर्च असा : दोन टायर ८५०, मडगार्डची जोडी २००, कॅरिअर ३००, ब्रेकचे चार रबर १००, आऊट काढणे व छर्ऱ्यांत ग्रीस भरणे २००. एकूण १६५० रुपये. तुमच्या गावी भाव कमी-जास्त असतील. शेजारी तुमचे महिन्याचे बस-रिक्षाचे भाडे लिहा आणि घरच्यांना बसवून वजाबाकी करा. उरलेल्या पैशांतून आधी मागे लावायचा लाल दिवा घ्या. पाळीवरून रात्री परतणाऱ्या माणसाची घरी वाट बघणारे असतात.

रविवारी सकाळी अर्धा तास काढा. पंक्चरचे सोल्यूशन, काचपेपर, पंप, दोन पाने आणि एलन की एवढे सामान पुरते. मुलाला शिकवा, तसेच मुलीलाही शिकवा. आमच्या घरी आता पंक्चर धाकटी काढते आणि थोरल्याकडून चहा करवून घेते. तो पहिल्या तासाला वेळेवर बसतो. मी त्याला पुन्हा आळशी म्हटलेले नाही.

तुमच्या जिन्याखाली जी उभी आहे, तिच्यावरची धूळ या रविवारी पुसा. मूल "जड जाते" म्हणत असेल तर रागावण्याआधी एकदा स्वतः चालवून पाहा.